रश्शाबरोबर आमची शिराझ

“आण्णा, ही रेड वाईन न्या. दुकानातला सगळ्यात भारी माल हाय,” सांगलीचा दुकानदार बाटली पुढं सरकवत म्हणाला.

“भारी असंल. पर मे महिन्याची दुपार, आंब्याखाली चुलीवरचं मटण. त्येच्यासंगं ही कोन पिनार?”

“आवं, मटणाला रेडच देत्यात की सगळी.”

“देऊ देत. मी न्हाई देत.”

तो हसला. “मग काय काढू, तुमीच सांगा.”

मी चौथीपर्यंत शिकलो. पण पलूसजवळच्या एका वायनरीत सेलर सांभाळला, ती बंद पडेपर्यंत. सेलर म्हणजे वाईन मुरवायची थंड खोली. मालक दादासाहेब. त्यांची लेक केतकीताई सुट्टीला परदेशातून आली होती, लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन. शेतावर जेवण ठरलं आणि वाईन निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. वायनरीला कुलूप लागल्यापासून असं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. निरोप आला तशी मी सांगलीची एसटी धरली.

रेड का नको ते सांगतो. चहा जास्त उकळला की जिभेला जो खरखरीतपणा येतो, तसलाच रेड वाईनमध्ये असतो. त्याला टॅनिन म्हणतात. आमचा रस्सा तिखटजाळ. टॅनिन आणि तिखट एकत्र आलं की तोंड पेटतं. त्याला हलकी गोडसर पांढरी पाहिजे, चांगली गार. मी तसली चेनिन घेतली, थोडी गुलाबी रोझे घेतली. आमच्या भागातली एकही बाटली दुकानात नव्हती. फळीवर नजर फिरवली, आपलं हसं होईल म्हणून विचारलं नाही.

आता खरी गोष्ट. माझ्या घरी आमच्या वायनरीच्या शेवटच्या हंगामातली एक शिराझ होती, तीही रेडच. माठाखालच्या ओल्या वाळूत आडवी ठेवलेली. त्या हंगामाची द्राक्षं सॉर्टिंग टेबलावर माझ्या बायकोनं, शांतानं निवडली होती. सडका मणी तिच्या बोटातून कधी सुटला नाही. पुढं वायनरी गेली, मग शांता गेली. आता मालकांनी ती बाग काढून पुन्हा बेदाण्याची द्राक्षं लावलीत. उरली ती ही बाटली. रश्शाबरोबर ती चालणार नाही हे मला दुकानात कळत होतं तसंच घरीही कळत होतं. तरी मी ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून शेतावर नेली. ती लोकांच्या ग्लासात पडावी आणि कुणीतरी चांगली झालीय म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

एप्रिलची छाटणी होऊन गेलेली, बागेत सावली नाही. म्हणून आंब्याखाली चुली. मी मातीत खड्डा घेतला, बर्फाची लादी फोडून मीठ मारलं, पांढऱ्या बाटल्या त्यात पुरल्या, वर ओलं पोतं. शिराझ मात्र आंब्यामागं जाऊन उघडली. वास घेतला. जिवंत होती. रंग विटकरी झालेला, अंगात जोर राहिला नव्हता, पण वास तोच. सेलरचं दार उघडल्यावर यायचा तो. मी बराच वेळ बूच हातात धरून उभा होतो.

“महादबा, काय लपवतोस रं तिकडं?” साहेबांनी हाक मारली.

“आपली शिराझ हाय, साहेब. शेवटची.”

साहेब उठूनच आले. “आरं, मग काढ की! पयली जावईबापूंना.”

आमच्याकडं जावई जेवायला बसला की पहिलं ताट त्याचं. त्यात बोलायला जागा नाही. जावईबापू तसे मनमोकळे. स्टीलचा पेला घेऊन आले, पेल्यात काठोकाठ बर्फ.

“टाका आण्णा.”

“बर्फ वता आधी.”

“अहो, उकाडा किती आहे!”

“उकाड्याला पांढरी हाय खड्ड्यात, पायजे तेवढी प्या. हिच्यात बर्फ पडनार न्हाई. न्हाईतर बूच लावून घरी न्हेतो.”

चुलीपाशी बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या. जावयाला असं कुणी बोलत नाही. साहेबांनी डोळे वटारले. केतकीताई मात्र हसत म्हणाली, “ओता हो बर्फ. आण्णा वायनरीत बाबांचंसुद्धा ऐकत नसत.”

जावयानं बर्फ ओतला. मी दोन बोटं वाईन दिली. त्यानं घोट घेतला आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. पण त्याआधी तो रश्शात भाकरी बुडवून खाऊन आला होता.

“खरं सांगू आण्णा?”

“सांगा.”

“आंबट लागतेय. आणि जिभेला झोंबतेय. मला त्यातलं काही कळत नाही, राग मानू नका.”

राग कशाचा? दुकानदाराला जे सांगितलं तेच झालं होतं. मी त्याला खड्ड्यातली चेनिन काढून दिली. “आहाहा,” म्हणाला. मग सगळ्यांनीच ती मागितली. ताटं उठायच्या आत खड्डा रिकामा झाला. दुसऱ्यांदा मटण वाढून घेणारे मला हात करून सांगत होते, निवड झकास केली म्हणून.

साहेब तेवढे जेवायचे थांबले होते. आंब्याच्या बुंध्याला टेकून, शिराझचा पेला नाकाशी धरून बसलेले. मी शेजारी बसलो.

“शांताबाई व्हत्या न्हवं ह्या हंगामाला?”

“व्हती. शेवटची पाटी तिनंच निवडली.”

“वायनरीच्या हॉलमदी आता बेदाणा भरलाय. परवा गेलतो. ह्यो वास न्हाई राहिला तिथं.” त्यांनी घोट घेतला. “चांगली झालीया रं.”

मी धोतराच्या फडक्यानं बाटली पुसत बसलो.

साहेबांना एकच पेला झेपला. उरलेली अर्धी मी घरी आणली. उघडलेली वाईन उन्हाळ्यात टिकत नाही, हे मी नोकरीभर लोकांना बजावलं. सकाळी बूच काढून वास घेतला. गेली होती.

वाईन निवडायची तर पाहुण्याच्या ताटाकडं बघून निवडावी. स्वतःसाठी निवडली, की अर्धी बाटली उरते.