भाऊंच्या चाकूची मूठ

दुपारी जेवण झाल्यावर मी आडवी होते. झोपायला नाही, नुसती पाठ टेकायला. डोळे मिटलेले, कान उघडे. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळतोय हे कळतंय, उठून तो घट्ट करावा हेही कळतंय, पण हात माझाच असून कुठेतरी लांब ठेवून आल्यासारखा वाटतो. वडील गेल्यापासून दहा महिने मी अशीच दमलेली आहे. झोपेने न जाणारा थकवा असतो हे पुष्कळ वाचलं होतं. वाचलेल्याचा उपयोग किती थोडा, हे आता कळतंय.

खिडकीच्या कट्ट्यावर लाकडाचे चार तुकडे आहेत. शिसव, खैर आणि फणस हे दाजी मेस्त्रींनी दिलेले. चौथा माझा, आंब्याचा. वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या, घडीच्या चाकूला नवी मूठ करायची आहे. जुनी माझ्याच हातून तडकली; त्या चाकूने मी पत्र्याच्या डब्याचं झाकण उचकटत होते. जन्मभर आंब्याची कलमं बांधलेल्या माणसाच्या मुलीने! पातं मेस्त्रींकडे आहे. "ताई, संध्याकाळपर्यंत लाकूड सांगा," ते सकाळी म्हणाले. "उद्या मी लेकीकडे निघालो, मग महिनाभर नाही."

नळाचा एक थेंब पडतो. पुढचा पडत नाही.

"शिसवाला हात लावू नकोस," भाऊ म्हणतात.

ते कट्ट्यापाशी पाटावर बसलेत. बनियन, खाकी अर्धी चड्डी, मांडीवर गोणपाट. मला नवल वाटत नाही.

"का? दिसतं किती सुंदर."

"दिसतं. बोहल्यावरच्या नवऱ्यासारखं. ओल्या हातात धरून बघ एकदा."

"जुनी मूठ शिसवाचीच तर होती."

"म्हणून सांगतो. चाळीस वर्षं भांडलो तिच्याशी. तुझ्या आईशीसुद्धा एवढा नाही."

कट्टा लांब होत जातो. त्यावर काळ्या पिशव्यांतली रोपं उभी आहेत, कोयीतून नुकती वर आलेली, तांबूस पानांची. आम्ही रोपवाटिकेच्या मांडवात आहोत. भाऊ एकेका रोपात काडी खोचतात, प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात, पुढे सरकतात. प्रत्येक रोपाच्या डोक्यावर सलाइनची बाटली टांगलेली आहे. त्याचं आम्हा दोघांनाही काही वाटत नाही.

"मला आंब्याची करायचीय," मी म्हणते.

भाऊ तुकडा घेतात. नखाने टिचकी मारतात.

"आंबा? मुठीला? मेस्त्री हसला नाही?"

"हसले."

"मग? पाणी पिणार, फुगणार, वाळला की खिळ्यापाशी फाटणार. भुंगा लागेल तो वेगळाच." ते तुकडा नाकाशी नेतात. "कुठला हा?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. हाच प्रश्न मी दहा महिने बरोबर घेऊन फिरते आहे.

मांडव आता दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे. भाऊ खाटेवर उशीला टेकून बसलेत. इथेच ते रोज सकाळी विचारायचे, "बाय, मोहोर धरला का?" आणि मी सांगायची, "धरला, भाऊ." दारातल्या आंब्याविषयी विचारायचे ते. एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या हातून जगलेलं पहिलं कलम.

"दारातला," मी म्हणते. "पाडला मी. तुम्ही इथे असताना. फांद्या शेजाऱ्यांच्या कौलांवर आल्या होत्या. त्यांचं रोजचं बोलणं, इकडे तुमचे रिपोर्ट. एक दिवस मी म्हटलं, पाडा. आणि तुम्हाला खोटं सांगत राहिले."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तूच. मोहोर आला की तू शिंकतेस. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून. त्या खेपेला महिनाभर माझ्या उशाशी बसलीस, मोहोर लगडलाय म्हणालीस, आणि एकदा शिंकली नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगत होतीस इतकं छान. दक्षिणेची फांदी काय, मधमाश्या काय. माझ्या झाडाला एवढा मोहोर कधी आला नव्हता."

मला हसू येतं आणि ते मध्येच कुठेतरी मोडतं.

"रागावला नाहीत?"

"रागावलो तर. चार दिवस जेवलो नाही, आठवतं? तू डॉक्टरला गोळ्या बदलायला लावल्यास."

आठवतं. त्या चार दिवसांना मी आजार समजले होते.

व्हरांड्यात कुणी नाही. भाऊ चारही तुकडे चादरीवर मांडतात.

"हे बघ. कपाटात ठेवायचा असेल तर कर आंब्याची. कपाटात काहीही टिकतं. कापायला हवा असेल तर नीट बघ."

"मला कुठे कलमं बांधता येतात?"

"पेरू चिरता येतो ना? पाकिटं फोडता येतात? सुतळी? मग झालं. डबे तेवढे उघडू नकोस."

मी खैर उचलते. मनगट खाली जातं.

"जड आहे."

"खैर भक्कम. पण दमलेल्या हाताला नको."

फणसाचा तुकडा हळदीसारखा पिवळा. मुठीत घेतला की अंगठा आपोआप एका जागी टेकतो.

"हा," मी म्हणते.

"आता पिवळा आहे. तुझ्या हाताच्या घामाने तांबूस होईल. घाई नाही त्याला."

"आणि आंब्याचं काय करू?"

"बंबात घाल. पाणी कढत तापव आणि आंघोळ कर. किती दमलीयेस, बाय."

बोलता बोलता मूठ बसलेली आहे. हातोडीचे दोन ठोके, बस. भाऊ पातं उघडतात, केस भादरून धार बघायला स्वतःचा हात पुढे करतात आणि थांबतात. हात गुळगुळीत आहे. औषधांनी त्यावर एक केस ठेवलेला नाही.

"माझ्याकडे कुठलं काय," ते म्हणतात. "आण तुझा."

पातं थंडगार लागतं. ते हळूच फुंकर मारतात.

"धार लागली."

ऊन भिंतीवर चढलंय. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करतंय, ती होत नाही. मी उठते, मेस्त्रींना फोन लावते.

"फणस," मी म्हणते.

"सुटलो! आंबा म्हणाला असतात तर आजच पळालो असतो लेकीकडे. आता काढतो पातं कापडातून. तुम्ही दिलंत तसंच गाठ मारून ठेवलंय."

फोन ठेवताना डाव्या हाताकडे लक्ष जातं. मनगटाच्या चार बोटं वर, नखाएवढ्या जागेत केस नाहीत. कडा सरळ आहेत. मी बोट कोपराकडून खाली फिरवते, मग खालून वर, केसांच्या उलट. सगळीकडे बारीक खरखर लागते. त्या एवढ्याशा जागेत काही लागत नाही.