कपाटाची किल्ली

तंजावूर जिल्ह्यात लोकांचे सर्वांत जास्त अंगठे घेतलेला आणि स्वतःचा देताना सर्वांत जास्त कुरकुरलेला माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. राजवाड्यामागच्या गल्लीतून निघून सकाळच्या पॅसेंजरने ते पापनाशमला जात आणि तिथल्या जमीन नोंदणीच्या कचेरीत बत्तीस वर्षे एकच काम करत. आलेल्या माणसाचा डावा अंगठा धरायचा, शाईच्या गादीवर फिरवायचा आणि वहीत उमटवायचा. "हात सैल सोडा" हे त्यांनी इतक्यांदा म्हटले होते की लग्नात नवऱ्यामुलाशी हस्तांदोलन करतानाही तेच तोंडून निघे. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. बाजारात कोणी नमस्कार केला की ते आधी अंगठा बघत आणि खात्री पटल्यावर विचारत, "तुम्ही पुलाजवळचे, दोन चक्रांचे ना?" घरी आल्यावर रॉकेल आणि वजरी घेऊन ते अर्धा तास बोटे घासत. परक्यांची शाई जेवणाच्या पानात नको, हे त्यांचे म्हणणे.

अंगठ्यांच्या वह्या लोखंडी कपाटात असत आणि किल्ली आतोबांच्या करगोट्याला. त्यामुळे यंत्रे आली तेव्हा त्यांनी जगाला एकच प्रश्न विचारायला घेतला. माझ्या मुलीच्या शाळेत हजेरीला बोट लावायची पद्धत सुरू झाली, तर हे कमरेची वेष्टी सावरत थेट मुख्याध्यापिकेसमोर. "मुलांचीं बोटें घेतां, ठीक. कपाट कोठें आहे? किल्ली कोणाकडे?" सगळे चेन्नईत साठवलेले असते, असे बाईंनी सांगितले. आतोबांनी तिथला पत्ता मागितला, गाडीची वेळही विचारून ठेवली. कुठेही कॉफी प्यायली की डबरा, म्हणजे कॉफीची वाटी, आणि टंबलर वेष्टीच्या टोकाने पुसूनच खाली ठेवत, कोणी ठसे उचलू नयेत म्हणून. माझी आई कित्येक वर्षे याला स्वच्छता समजून त्यांचे उदाहरण मला देत असे. कुटुंबाच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या मुठी आवळलेल्या आहेत. ओळखपत्रासाठी आत्याने दंड धरून नेले, तेव्हा एकदाच त्या उघडल्या.

गेल्या वर्षी पेन्शनसाठी जिवंत असल्याचा पुरावा यंत्रावर द्यावा लागला. पेन्शन थांबली असती तर आत्याचे इन्सुलिन थांबले असते, म्हणून ते मुकाट्याने केंद्रावर आले. मी आणि आत्या बरोबर होतो. आतोबांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. मग दहाही बोटे झाली, दहाही वेळा लाल दिवा. केंद्रावरच्या पन्नाशीच्या बाईंनी त्यांचा हात उजेडात धरला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, की यावर रेषाच उरलेल्या नाहीत, सार. बत्तीस वर्षांच्या वजरीने काम चोख केले होते. आतोबा प्रथम विजयाने हसले. मग त्यांची नजर आत्याकडे गेली आणि हसू थांबले.

बाईंनी चेहरा ओळखणारा मोबाइल समोर धरला आणि पापण्या मिटून उघडायला सांगितले. आतोबा ताठ बसले. डोळ्यांतून पाणी आले, पण पापणी लवली नाही.

"मिटा हो डोळे," आत्या म्हणाली. "मी बसलें आहे येथें."

"आधीं किल्ली कोणाकडे तें ह्यांना सांगूं दे."

मी प्रश्न तमिळमध्ये सांगितला. बाईंनी मोबाइल खाली घेतला. "मला ठाऊक नाही, सार," त्या म्हणाल्या. "माझी बोटंही त्याच कपाटात आहेत."

मराठीतून मी ते त्यांना पुन्हा सांगायची गरज नव्हती. त्यांनी बाईंचा अंगठा क्षणभर न्याहाळला. बत्तीस वर्षांत असे उत्तर देणारा अधिकारी त्यांना भेटला नसावा. बाईंनी मोबाइल पुन्हा वर धरला. आतोबांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. सरकारदरबारी ते जिवंत झाले.

घरी आत्याने कॉफी दिली. आतोबांनी टंबलर रिकामा केला आणि तसाच खाली ठेवला.

"आज पुसलें नाहीं?" आत्याने विचारले.

"कशाला? बोटांवर कांहीं उरलेंच नाहीं. इतकीं वर्षें कोरा टंबलर पुसत होतों."

आत्याने टंबलर उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला आणि पदराने नीट पुसून ठेवला.