भाकरीएवढा उजेड

लष्कराबरोबर काम केलेल्या माणसाकडे किस्से असणारच, असं लोक धरून चालतात. माझ्याकडेही आहेत. फक्त माझ्या किश्शांत बंदूक येत नाही, टाइपरायटर येतो! नव्वदच्या दशकात, नवी मुंबई अर्धी इमारत आणि अर्धा चिखल होती तेव्हा, मी अकरा दिवस लष्कराच्या एका चौकशीत टायपिस्ट होते. पुढे सरकारी कचेरीत तीसेक वर्षं काढली, पण त्या तीस वर्षांचं कुणी विचारत नाही. चार माणसं जमली की, "वैशालीताई, ते मिलिटरीचं सांगा ना!" मग एक सांगते, तर त्याच्या मागून दुसरा येऊन उभा राहतो.

झालं होतं असं. गणपती होऊन गेले होते. रात्री नऊच्या सुमाराला आभाळात एक गोल उजेड दिसायला लागला. चंद्र नाही, विमान नाही. यायचा, अर्धा तास एका जागी थांबायचा आणि फट्कन विझायचा. मग दोन दिवस गायब. मग परत हजर! ते दिवस धास्तीचे होते. खाडीतून काय उतरेल, कोण कुणाला खूण करत असेल, कशाचा भरवसा नव्हता. लोकांनी फोन केले, अर्ज दिले, आणि एक दिवस लष्कराची जीप आली. जीपमध्ये हिमाचलकडचे एक मेजरसाहेब आणि साताऱ्याचे हवालदार शिंदे. जबान्या मराठीत टाइप करायला माणूस हवा होता. मी तेव्हा सरकारी कचेरीत नवीनच लागले होते; आमच्या तिथल्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

* * *

मी घरी सांगितलं, "आई, उद्यापासून मला लष्कराकडे जायचंय."

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. आम्ही मूळचे चिपळूणचे, खांदेश्वरला नवीन फ्लॅट घेऊन राहिलेलो. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि मी एकुलती एक. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सीमेवर पाठवतायत का गं?"

"नाही गं आई, सीवूडला!"

तिनं डोळे पुसले, जरा विचार केला आणि म्हणाली, "तिथून परत यायला रिक्षा तरी मिळते का?"

* * *

खाडीलगतच्या एका गावात, समाजमंदिरात आमचं बस्तान बसलं. एक टेबल, तीन खुर्च्या, माझा टाइपरायटर. पहिल्याच सकाळी साडेनऊला दामलेकाका हजर. बँकेतून रिटायर झालेले, पलीकडच्या नव्या सोसायटीत टॉप फ्लोअरला राहणारे. काखेत फाइल.

काकांनी वही उघडली. रोजची नोंद! उजेड दिसला की नाही, किती वाजता, आभाळ कसं होतं, पाऊस किती मिनिटं पडला. मेजरसाहेब खूश. मीही कौतुकानं टाइप करायला घेतलं. चौदा पानं झाली. पाचव्या पानानंतर माझ्या लक्षात आलं की उजेड मागे पडला होता आणि पाऊसच चालला होता. काकांच्या हॉलचं छत गळत होतं. ती वही मुळात त्यासाठीच होती. उजेड मध्येच उपटला!

शेवटी काकांनी थेट मेजरसाहेबांना हिंदीतच साकडं घातलं, "साहेब, लाइट का बाद में देखो, पहले हमारी गळती का देखो!"

मेजरसाहेब ताठ झाले. "गलती? किसकी गलती?"

काका तत्परतेनं म्हणाले, "सेक्रेटरी की!"

* * *

गावातली साक्ष वेगळी. बारकीआजी सत्तरीच्या असतील. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, नाकात मोठी नथ. सुक्या मासळीची टोपली खाली ठेवून त्या खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसल्या.

"आजी, उजेड केवढा होता?" मी विचारलं.

"भाकरीआवरा."

मी हिंदीत सांगितलं. मला वाटलं, साहेब हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "कौनसी भाकरी? ज्वारी की या चावल की?"

"तांदलाची! आमी काय ज्वारी खातंव?" आजींना रागच आला.

साहेबांनी भाकरी मागवली. आजी घरी गेल्या, गरम गरम भाकरी थापून आणली. साहेबांनी त्यांना अंगणात उभं केलं. ज्या दिशेला उजेड दिसला होता तिकडे हात लांब करून भाकरी धरायला लावली, आणि शिंद्यांनी टेपनं डोळ्यापासून भाकरीपर्यंतचं अंतर मोजलं, भाकरी मोजली, आकडेमोड केली. गाव गोळा झालं होतं, पण कुणी हसलं नाही. इतकं मन लावून आजींचं बोलणं बहुतेक आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आजी तर छायाचित्राला उभ्या राहाव्यात तशा उभ्या!

दुपारी साहेब म्हणाले, "वह भाकरी फाइल के साथ रखो. दोबारा नापेंगे."

शिंदे सावधानमध्ये उभे राहिले. "साहेब, पुरावा आता नाहीये."

"कहाँ गया?"

शिंद्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरकडे पाहिलं. सुक्या बोंबलाची चटणी आजींनीच आणून दिली होती हो!

* * *

सगळ्यात जड दिवस काशिनाथकाकांचे होते.

काशिनाथकाका मिठागराचे राखणदार. उजेड दिसलेल्या एका रात्री ते बांधावर एकटेच टॉर्च लावून बसलेले कुणीतरी पाहिले होते. कुणाला खूण करत होते? काय करत होते? काका काही सांगेनातच. रोज सकाळी हजेरीला यायचे, चपला बाहेर काढायचे, मान खाली घालून बसायचे. दसऱ्याला त्यांच्या मुलीचा, मंदाचा, साखरपुडा ठरला होता. मुलाकडून निरोप आला, "चौकशी मिटू दे, मंग बगू." काकांची बायको समाजमंदिराच्या पायरीवर दिवसभर बसून असायची. मला तिच्या बाजूनं आत जायचीच लाज वाटायची.

चौथ्या दिवशी साहेबांनी सांगितलं, आज नुसतं नाव-गाव टाइप करा आणि अंगठा घ्या. मी कागद काढला आणि सवयीनं शाईचं पॅड पुढे सरकवलं.

काकांनी ते परत माझ्याकडे ढकललं. "नको. सही करतंय."

चार दिवसांतले त्यांचे पहिले शब्द!

मी पेन दिलं. त्यांनी ते मुठीत धरलं. 'का' आला. 'शि' आला. मग 'ना'. मग पेन थांबलं. शिंदे खिडकीबाहेर बघत हळूच पुटपुटले, "थ... थ थव्याचा." काकांनी थ काढला. उलटा आला.

मग सगळं बाहेर पडलं. साक्षरतेच्या वर्गाला जायची लाज वाटायची, म्हणून बांधावर टॉर्च लावून पाटीवर एकटेच गिरवत होते. साखरपुड्याच्या यादीवर मुलीचा बाप म्हणून सही करायची होती, अंगठा नाही.

"मग एवढे दिवस सांगितलं का नाहीत, काका?"

"पोरीला कललं असतं. तिला त्याच दिवशी दाखवाचा व्हता."

मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांना कळलं होतं. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलट्या थवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चलेगा." पण बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "मैं मानता हूँ. पर फाइल नहीं मानेगी. वह लाइट मिलनी ही चाहिए." दसऱ्याला पाच दिवस होते.

* * *

त्या संध्याकाळी साहेबांनी दामलेकाकांची चौदा पानं परत काढली. मी वाचत गेले, ते खुणा करत गेले. उजेड दिसला: आभाळ ढगाळ. उजेड दिसला: आभाळ ढगाळ. नाही दिसला: आभाळ स्वच्छ. सगळ्या रात्री तशाच! साहेब खुर्चीत मागे टेकले. "मतलब लाइट ऊपर है ही नहीं. लाइट नीचे है. ऊपर सिर्फ़ बादल है."

आता तीन ठिकाणांहून दिशा मोजायची होती. एक दामलेकाकांची गच्ची, एक मिठागराचा बांध, आणि तिसरी आमची खांदेश्वरची गच्ची! शिंदे संध्याकाळी तीन पायांचं तिकाटणं आणि होकायंत्र घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये शिरले. पहिल्या मजल्यावरच्या सावंतबाईंनी दार उघडून पाहिलं आणि ओरडल्या, "केबलवाला आला एकदाचा!"

"मी केबलवाला नाही, बाई."

"सगळे असंच म्हणतात! तीन आठवडे झाले, चित्राला नुसत्या मुंग्या. आधी आमचं बघा, मग वर जा!"

शिंदे लष्करात सिग्नलचे, म्हणजे तारा-यंत्रांचे माणूस. त्यांना राहवलं नाही. वायर सुटली होती, ती त्यांनी बसवून दिली. रात्री ढग आले, उजेड आला, तिन्ही ठिकाणी दिशा घेतल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नकाशावर तीन रेघा मारल्या. दोन अगदी एका ठिकाणी भेटल्या. तिसरी, आमच्या गच्चीवरची, जराशी बाजूनं गेली.

"शिंदे, यह टेढ़ी क्यों?"

"साहेब, मोजताना सावंतबाईंनी चहा धरला होता समोर!"

* * *

रेघा भेटल्या त्या तळोज्याच्या वाटेवर, डोंगराआड, एका जुन्या दगडखाणीपाशी. तिथे चार भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं. गजाशेठचा नवा मंगल कार्यालयाचा हॉल. गजाशेठ कालपर्यंत भातशेती करायचे. जीप बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गळ्यातली सोन्याची साखळी त्यांनी आधी शर्टाच्या आत टाकली.

हॉलच्या मधोमध ताडपत्रीखाली तो बसला होता. हा एवढा थोरला सर्चलाइट! उद्घाटनाला आभाळात फिरवायचा म्हणून आणलेला.

"पन गुरुजी बोलले, मुहूर्ताच्या आदी कुनाला दिसता नये. आनि मशीन तर चालू करून बगाला पायजे ना, साहेब? मंग मी काय केला..." गजाशेठनी हात जोडले. "कुनाला दिसू नये म्हनून सरळ वरती मारला. वरती कोन बगतंय?"

मेजरसाहेबांनी टोपी काढली. जीपच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, त्यांना काही होतंय की काय. मग शिंदेही हसायला लागले, मग मी, आणि आम्हाला हसताना बघून सुटका झालेले गजाशेठ सगळ्यात मोठ्यानं! अकरा दिवसांचं टेन्शन त्या बिनछपराच्या हॉलमध्ये घुमत राहिलं.

* * *

काशिनाथकाकांना साहेबांनी घरी सोडलं. जीप शिंदे चालवत होते; पुढे त्यांच्या शेजारी काका, मागे साहेब आणि मी. गल्लीत जीप थांबली तेव्हा मुलाचे मामा तिथेच उभे होते. काय होतंय ते बघायला आले असावेत. साहेब उतरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काशिनाथजी, आपने सरकार की बहुत मदद की. धन्यवाद." आणि खाडकन सॅल्यूट!

काकांना काय करावं कळेना. त्यांनी नमस्कार केला, मग सॅल्यूट केला, मग परत नमस्कार केला. त्यांची बायको दारात आली. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"चपला खंय टाकल्याव?"

चपला समाजमंदिराबाहेरच राहिल्या होत्या. मग मात्र ती पदर तोंडाला लावून खाली बसली. दसऱ्याला साखरपुडा झाला. मी गेले होते. यादीवर सही झाली, थ सुलटा आला, आणि मंदा इतकी रडली की नवऱ्या मुलानं घाबरून विचारलं, "लगीन नको हाय का तिला?"

* * *

पण आमचं चंबूगबाळं आवरायचा दिवस त्याआधीचा. रिपोर्ट पाकिटात गेला होता, टाइपरायटरवर मी कव्हर घातलं होतं. तेवढ्यात एक जोडपं आलं. साठीच्या पुढचे, रबाळ्याहून दोन बस बदलून आलेले. नाव परांजपे. दोघांनाही जबानी द्यायची होती.

मी म्हटलं, "काका, चौकशी संपली. तो हॉलचा दिवा होता."

"माहितीये," परांजपेकाका म्हणाले. "पेपरात वाचलं. तरी लिहून घ्या."

"आता कशाला?"

काका जरा घुटमळले. काकूच पुढे झाल्या. "अगं, लग्नाला पस्तीस वर्षं झाली आमच्या. मी म्हणते ते यांना दिसत नाही, हे दाखवतात ते मला पटत नाही. त्या दिवशी गॅलरीत दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी दिसली. असं पहिल्यांदाच झालंय. कुठेतरी सरकारी कागदावर राहू दे."

मी ते साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेबांनी दोघांसाठी खुर्च्या पुढे ओढल्या, स्वतः उभे राहिले आणि मला खूण केली. मी कव्हर काढलं, कागद लावला, तारीख टाइप केली.

"किती वाजता दिसला?"

"सव्वानऊला," काका म्हणाले.

"पावणेदहा!" काकू म्हणाल्या. "मी दूध तापवून बाहेर आले होते."

"अगं, सव्वानऊ. बातम्या चालू होत्या."

"बातम्या संपल्या होत्या!"

मेजरसाहेब माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "दो कागज लगाओ. अलग अलग."