औषधाच्या खिडकीसमोरचा माणूस

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकणार, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पण त्या माणसाबद्दल लिहावंसं वाटतं. त्याचं नाव मी विचारलं नाही.

नवरा गेल्यावर तपासणीत मलाही एचआयव्ही निघाला. बीरगांवहून एकटीच रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेले. औषधाच्या खिडकीसमोर बसले आणि वाटलं, कोणी ओळखीचं दिसण्याआधी तसंच परत जावं.

बाजूला दोन पुरुष एकच इअरफोन वाटून मोबाइलवर पिक्चर पाहत होते. त्यातला जाडा माणूस रडत होता आणि दुसऱ्याच्या बाहीला डोळे पुसत होता.

"काहून रडून राहिला बे? चौथ्यांदा पाहून राहिला तू!" दुसरा करवादला.

जाड्यानं मोबाइल माझ्याकडे वळवला. "जुन्या काळचा पिक्चर आहे, ताई. आमच्या दोघांसारखेच, पुरुषावर जीव लावणारे मित्र. आजारही हाच. एकेक करून मरतात."

"मग कशाले पाहता?" मी हळूच विचारलं.

"त्यायले गोळी नव्हती, तरी कोणी कोणाले एकटं नाही सोडलं. आपल्याले तर गोळीबी आहे. गोळी सुरू होऊन दहा वर्षं झाली, हा अजून माझं डोकं खाऊन राहिला!"

मला हसू आलं.

माझा नंबर आला. खिडकीतल्या मॅडमनं विचारलं, "साथ में कौन आया है?"

मागून जाड्याचा आवाज आला, "हम दोनों आए हैं, मैडम."

मी औषधासाठी पिशवी पुढे केली.