जेट्टीवर उघडलेली कोकमाची बाटली

गेल्या शनिवारी सकाळी सौदीतल्या खफजीच्या जेट्टीवर जे झालं, ते लिहायला मला आठ दिवस लागले. आज बार्जवर नेट चालू आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकतो…

बार्जचा फोटो टाकल्यापासून चिपळूणची सगळी गँग मला क्रूझवाला म्हणते. एकाने तर माझ्या पानावर स्क्रॅप टाकला, 'आपली बाटली आत नेऊ देतात का रे?' मित्रा, ही क्रूझ नाही. समुद्रात उभी केलेली पत्र्याची चाळ आहे. सलग अठ्ठावीस दिवस, दिवसभर तेलाच्या प्लॅटफॉर्मवर घासायचं आणि रात्री इथे येऊन पडायचं, मग किनाऱ्यावरच्या कॅम्पला परत. आणि बाटली म्हणशील तर… नेली होती मी. तेच सांगतोय.

बाटली तिने दिलेली. नाव लिहीत नाही, तिचा भाऊ हे सगळं वाचतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मी सरांच्या अंगावर धावून गेलो आणि कॉलेज सुटलं, तेव्हा आख्ख्या वर्गात एकटी ती रडली होती. एवढ्यावर मी इथे तग धरून आहे. हसा खुशाल.

इथे गावाहून येणाऱ्याच्या बॅगेत प्रत्येकाचं काही ना काही असतं. लतीफचाचा सुट्टीवरून आले तेव्हा त्यांच्या बॅगेत माझ्यासाठी तिची बाटली होती. घरी केलेलं कोकम सरबत, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरलेलं. साखर कमी, कारण तिला फार गोड चालत नाही.

चाचा आमचे वेल्डर. दाभोळकडचे, वीस वर्षं सौदीत. बार्जवर पाचही वेळा नमाज तेच पढवायचे. माणूस असा की त्यांच्यासमोर शिवी द्यायला फोरमनसुद्धा कचरतो.

मी काय केलं, तर ती बाटली पुरवून पुरवून वापरली. शुक्रवारी एक झाकण, बस. मधे अठ्ठावीस दिवस बार्जवर होतो तेव्हा ती कॅम्पच्या बंद खोलीत राहिली, एसीशिवाय. परत आल्यावर जिभेला चुरचुरायला लागलं. मला वाटलं कोकम आहे, चुरचुरणारच… या वेळी बार्जवर येताना मात्र खोलीत ठेवायची नाही म्हणून बॅगेत घातली.

जेट्टीवर बोटीत चढायच्या आधी सामान तपासतात. गार्ड सौदी होता, माझ्याच वयाचा. त्याने झाकण फिरवलं आणि फस्स करून लाल फेस त्याच्या हातावर, बाहीवर आला. आंबलेला, दारूसारखा वास आला… आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इथे दारू सापडली तर आधी जेल, मग फटके, मग घरी. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा तो सौदी मालक, ओळखही दाखवत नाही.

तरी तो गार्ड भला होता. त्याने कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट दाखवलं. ओत आणि चालू लाग, यल्ला. एवढंच म्हणत होता तो. मागचा पाकिस्तानी ड्रायव्हरही सांगत होता, फेक दे भाई, खलास कर.

आणि मी? मी त्याच्या हातातून बाटली ओढली. ही ओतायची नाही म्हणून हिंदीतून ओरडलो. त्याला एक शब्द कळला नाही, पण आवाज कळला. मग त्याचा चेहरा बदलला. त्याने वॉकीटॉकी काढला.

लाइनमधून लतीफचाचा पुढे आले. मला म्हणाले, "मेल्या, गप ऱ्हा आता." मग गार्डकडे वळून अरबीत म्हणाले, हे असीर आहे, ज्यूस. आमच्या गावचं फळ, मीच आणलंय. "वल्लाह, असीर." अल्लाची शपथ घेतली त्यांनी. खरं समजूनच घेतली.

गार्डने बाटली त्यांच्यापुढे धरली. मग पी.

चाचांनी तोंडाला लावली. पहिला घोट गेला आणि त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. त्यांना कळलं होतं. एका सेकंदात कळलं होतं. आयुष्यात कधी ज्याला शिवले नाहीत, ते तोंडात होतं… आणि त्यांनी दुसरा घोट घेतला.

गार्डने परत विचारलं. वल्लाह?

"वल्लाह," चाचा म्हणाले. "असीर."

त्या दाढीवर आणि कपाळावरच्या नमाजच्या खुणेवर गार्डने विश्वास ठेवला. बाटली त्याने स्वतः बेसिनमध्ये उलटी केली आणि आम्हाला सोडलं.

बोटीत चाचा मागच्या बाजूला बसून चूळ भरत होते, परत परत. मी जवळ जाऊन पाया पडायला वाकलो, तर पाय मागे घेतले. म्हणाले, "शपथ मी घेतलंय, तू नाय. आता याच्यावर बोलायचा नाय."

त्यानंतर बार्जवर नमाज केरळचा एक इलेक्ट्रिशियन पढवतो. चाचा शेवटच्या ओळीत उभे राहतात. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणतात… त्या गुडघ्यांनी ते दिवसातून दहादा शिडी चढतात.

रविवारपासून तीन दिवस त्यांनी रोजे ठेवले. रमजान नाही, काही नाही. प्लॅटफॉर्मवरच्या त्या उन्हात, वेल्डिंगचा मुखवटा घालून, पाण्याचा थेंब नाही. मी फक्त एक करू शकलो. सूर्य बुडायच्या आधी मेसमधून त्यांचं ताट आणि पाणी आणून ठेवायचो. ते जेवायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत, पण ताट परतही करायचे नाहीत.

तिला मी फोनवर सांगितलं, बाटली संपली. छान होती का, तिने विचारलं. छान होती म्हटलं.

माझी नोकरी आहे. इकामा, इथे राहायचा परवाना, खिशात आहे. चाचा, तुम्ही हे कधी वाचणार नाही, म्हणून इथे लिहितो… तुमचे उपकार फिटायचे नाहीत. ती बाटली ओतायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.