बाकाखालच्या पट्ट्या

चोपड्याच्या शाळेत बाक दुरुस्त करायला आलेल्या त्या सुतारांचं नाव मी विचारलं नाही. मी पाचवीत होते. पोलिओच्या पायाला कॅलिपर असल्यामुळे गुडघा वाकत नसे आणि पाय बाकाखालच्या आडव्या पट्टीला अडायचा. हेडमास्तर त्यांना म्हणाले, "हिच्यासाठी दाराशी वेगळी खुर्ची करा."

सुतारांनी दोरीनं माझा पाय मोजला आणि एका बाकाची पट्टी काढली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची.

"अहो, एक बाक पुरे."

मान वर न करता ते म्हणाले, "पोरगी शे, गुरुजी. आज हिनासंगे बसी, उद्या तिनासंगे."

संध्याकाळपर्यंत वर्गातल्या बठ्ठ्या, अगदी सगळ्या पट्ट्या निघाल्या. पुढे मैत्रिणीशी भांडण झालं, की मीही दप्तर उचलून खुशाल बाक बदलायचे.