न पुसलेलं साक्षगंध

वरठी स्टेशनाकडून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चंद्रकुमारचा फोटो स्टुडिओ आहे. रिळाच्या काळापासून तो फोटो काढत आला, पण एकही फोटो त्याने कधी टाकून दिला नाही. डोळे मिटलेला नवरदेव, हललेली वरात, सगळं ठेवायचं. घरातलं माणूस गेलं की लोक हार घालायला फोटो शोधत येतात आणि तो अशाच टाकाऊ गठ्ठ्यात सापडतो, हे त्याने पाहिलं होतं. लोक त्याला दुवा देत. कुणी काय ठेवायला सांगितलं होतं आणि काय नाही, हे त्यामुळे कुणी विचारत नसे.

त्याचा जुना संगणक कधी इंटरनेटला जोडलेलाच नव्हता. पण अल्बम छापणाऱ्या लॅबचं नवं सॉफ्टवेअर त्यावर चालेना, म्हणून भंडाऱ्याहून नवा आणून जुने सगळे फोटो त्यावर चढवावे लागले. नव्या संगणकाने पहिल्याच दिवशी जीव नकोसा केला. ईमेल द्या, मोबाइल द्या, ओटीपी द्या. पासवर्डात आकडा नाही, पुन्हा द्या. जुना प्रिंटर त्याला ओळखू येईना. मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मधूनमधून काहीतरी परवानगी मागितली जाई, आणि चंद्रकुमार न वाचता ‘हो’ दाबत जाई.

सकाळी त्याने संगणक उघडला तर पडद्यावर चेहरेच चेहरे. संगणकाने रातोरात सगळे फोटो चाळून माणसागणिक एकेक गोल केला होता. गोल दाबला की त्या माणसाचे सारे फोटो एका जागी. शाळेच्या ओळखपत्रातली पोरं बघता बघता बाप होत होती. आपल्या कामाची एवढी बेरीज चंद्रकुमारने कधी पाहिली नव्हती. त्याला बरं वाटलं. मग त्याने रक्षाचा गोल दाबला.

रक्षा शहापूरच्या श्यामरावांची मुलगी. नुकतंच लग्न झालेली. हळद, वरमाला, पाठवणी. आणि त्यांच्याच खाली हिरव्या शालूतली रक्षा, एका भलत्याच मुलाकडून बोटात अंगठी घालून घेताना.

हे तिचं आधीचं साक्षगंध. ती सोयरीक मोडली तेव्हा श्यामराव स्वतः स्टुडिओत आले होते. “उडवून टाक बाप्पा ते फोटो. पोरीच्या जल्माचा सवाल आहे.”

“उडवले समजा जी,” चंद्रकुमार म्हणाला होता, आणि फोटो एका आतल्या फोल्डरमध्ये सरकवून मोकळा झाला होता. रक्षाच्या सासरी त्यातलं अक्षरही कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आज दुपारी रक्षा सासूला घेऊन अल्बमचे फोटो निवडायला येणार होती.

त्याने फोटो पुसले. मागे वळला, तर गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या मोठ्या टीव्हीवर हिरवा शालू. टीव्ही बंद केला. खिशातला मोबाइल पाहिला, तिथेही तेच. त्याने संगणक बसवून देणाऱ्या मोनूला फोन लावला.

“काका, वर गेलं ना ते सगळं.”

“वर म्हंजे कुठं?”

“वर जी! नेटवर. टीव्ही, मोबाइल, सगळ्याले तिथूनच दिसते. तुमीच तं हो म्हनलं. मी आलो का पाहतो.”

“कवा येतं?”

“आता पवनीले आहो.”

चंद्रकुमारने टीव्हीची पिन उपटली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. बाहेर प्रत्येक मोटारसायकल थांबली की तो दाराशी जाई.

दुपारी त्या दोघी आल्या. सासू चंद्रभागाबाई बसता बसताच म्हणाल्या, “लावा जी भाऊ मोठ्या टीव्हीवर. माह्या लेकाचं लगन आहे, डबीत कायले पाहू?”

“टीव्ही बिघडला बाई.”

“अजी, पिन तं बाहेर लोंबून राहिली! ते खुपसा, मंग बिघडला का नाई ते पाहू.” त्या स्वतःच उठल्या.

चंद्रकुमारने रक्षाकडे पाहिलं. आपल्या बोटात अंगठी घातल्याची खूण केली. तिचा चेहरा बदलला.

“नोका आई,” ती चटकन म्हणाली. “मोठ्यावर रंग फाकतेत. ह्या कागदावरच्यात पाहू.” तिने टेबलावरचे लग्नाच्या फोटोंचे छापील नमुने सासूच्या मांडीवर ठेवले.

निवड झाली. चंद्रभागाबाई बांगड्यांच्या दुकानात शिरल्या, तेव्हा रक्षा पासपोर्ट फोटोचं निमित्त करून मागे राहिली. ती सरळ आत, संगणकापाशी आली.

“बाबाले काय सांगतलं होतं तुमी?”

“उडवले म्हून.”

“दाखवा.”

ती त्याच्या खुर्चीवर बसली. मोबाइल मागून घेतला. आपल्या हाताने एकेक जागा शोधून ते फोटो पुसले. संगणक, मोबाइल, ते वरचं, शेवटी कचऱ्याची पेटी. फोटोंकडे तिने एकदाही थांबून पाहिलं नाही. चंद्रकुमार उभाच होता.

“काहून ठेवले, काका?”

त्याच्याजवळ उत्तर होतं, इतकी वर्षं सगळ्यांना दिलेलं. त्याने टेबलावरचे नमुने गोळा करायला घेतले.

“आता लग्नाचे पेनड्राइव्हमधी द्या,” ती म्हणाली. “आन् तुमच्याकडचे पुसा. सगळे. अल्बम मी दुसरीकडं छापून घेईन.”

“अवं पोरी, ते तं चांगले आहेत. तुह्या बाबाचा पाठवणीचा...”

“मले माहीत आहे.”

पेनड्राइव्ह भरला. तिने तो पर्समध्ये टाकला, खुर्ची रिकामी केली आणि त्याच्या मागे उभी राहिली. चंद्रकुमारने आयुष्यात पहिल्यांदा चांगला फोटो पुसला; मग दुसरा, मग सगळेच. रक्षाचा गोल पडद्यावरून गेला. शेजारचा एक म्हातारा चेहरा सरकून लगेच त्या जागी आला, आणि आता यालाही ‘ठेवू का’ म्हणून विचारावं लागेल, हे चंद्रकुमारच्या ध्यानात आलं.